दांडेबंदरचे सोळा फोटो

आत्या,

सोळा फोटो सरकारी पाकिटातून परत आले, त्या दिवशी तू मला काहीच बोलली नाहीस. तेव्हापासून मी वाट पाहत होते. केव्हातरी तू बोलशील, मी काहीतरी उत्तर देईन, आपलं चांगलं कडाक्याचं भांडण होईल आणि विषय संपेल, असं मला वाटायचं. तीन वर्षांत ते झालं नाही. आता तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि बोलायचं काम माझ्या एकटीकडे आलं आहे.

तुझं शिक्षण, नेमणुका, वयाच्या कितव्या वर्षी काय झालं, हे सगळं बाबांनी एका कागदावर नीट लिहून काढलंय. ते वर्तमानपत्राकडे जाईल. मी तो कागद वाचला. त्यात चूक काही नाही. पण तो वाचून तू डोळ्यांपुढे येत नाहीस. दांडेबंदरच्या नर्सबाई एका वाक्यात रागावून त्याच वाक्यात हसायला लागायच्या, हे त्या कागदात कुठे लिहिणार?

तू बाबांना लिहिलेलं ते पत्र माझ्याकडे आहे. दवाखाना बोर्लीला हलवायचं ठरतंय, कारण दांडेबंदरात आता वस्ती उरली नाही, असं वरच्या कचेरीचं म्हणणं होतं. तू लिहिलं होतंस, ‘भाऊ, वस्ती उरली नाही म्हणजे काय? गेल्या महिन्यात मी अकरा बाळंतपणं केली, ती काय वाळूची? अर्ज मी लिहिलाय. सोबत पुरावा पाहिजे. नलूला तिचा तो डबा घेऊन पाठव. तिला नाताळची सुट्टी असेलच.’

डबा म्हणजे माझा कॅमेरा. मॅट्रिक झाल्याबद्दल बाबांनी दिलेला. एका फिल्मवर आठ फोटो, आणि मी दोन फिल्मा आणल्या होत्या. आगबोट खोल पाण्यात थांबली, मचव्याने आम्हाला किनाऱ्याजवळ आणलं. पुढे खलाशी बायकांना उचलून वाळूवर ठेवत होते. मला ते नको होतं, म्हणून मी कॅमेरा डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यात उडी मारली. तू किनाऱ्यावरून ओरडलीस, “आमची मडम चालत आली विलायतेहून!” सगळा किनारा हसला. मी दोन दिवस तुझ्यावर रुसले होते आणि तुला ते कळलंही नव्हतं.

फोटो काढायला आपण गावात फिरलो, त्या सकाळी तू आधी माझा कॅमेरा तपासलास. तुझ्या हाती येणारी प्रत्येक वस्तू तू तशीच बघायचीस, कात्री असो नाहीतर थर्मामीटर. मागच्या बाजूची लाल काचेची बारीक खिडकी तुला दिसली. “हे काय?” मी सांगितलं, की आत फिल्मच्या कागदावर आकडे असतात. किल्ली फिरवली की पुढचा आकडा खिडकीत येतो. आकडा दिसला म्हणजे फोटो शिल्लक आहे. “आणि आकडा नसला तर?” तर फिल्म संपली. “हे बरं आहे,” तू म्हणालीस, “माणसाला अशी खिडकी पाहिजे होती.”

आपण जकातीच्या जुन्या कचेरीपासून निघालो. तिच्या पुढच्या दोन खोल्यांत तुझा दवाखाना होता, मागे तू राहायचीस. पूर्वी इथे अरबस्तानातून खजूर उतरायचा आणि जकात भरायला रांग लागायची, असं सगळे सांगत. आता भिंतीवर जकातीच्या तराजूचा लोखंडी आकडा तेवढा राहिला होता आणि त्याला तू ओली फडकी वाळत घालायचीस. मी पहिला फोटो त्या कचेरीचा काढला. फडकी मी आधी काढून ठेवली. तू बघितलंस.

पेठेत तू पुढे, मी मागे. तू प्रत्येक दाराशी थांबून हाक मारायचीस. “अगं, बाहेर या. सरकारला फोटो पाठवायचाय. दवाखान्यासाठी.” आणि मग जे व्हायचं ते दिवसभर प्रत्येक दाराशी झालं. फोटो म्हटल्याबरोबर ओट्यावर होती ती माणसंसुद्धा आत जायची. केस विंचरायला, लुगडं बदलायला, पोरांची तोंडं धुवायला, टोपी शोधायला. सबंध पेठेत कोणी अंगावरच्या कपड्यांनिशी फोटोला उभं राहायला तयार नव्हतं. म्हाताऱ्या वाण्याने तर दुकानाची फळी लावली, कारण न झाडलेलं दुकान सरकारला दिसायला नको.

तू पुढच्या दारी गेलेली असायचीस. मी रस्त्याच्या मधोमध कॅमेरा पोटाशी धरून उभी. वरच्या काचेत बघायचे, तर रस्ता रिकामा, ऊन तिरपं पडलेलं, मोठाली सागवानी दारं, झिजलेल्या पायऱ्या, एक मांजर. आमच्या शाळेत एक इंग्रज बाई चित्रकला शिकवायच्या. चित्रात एकच गोष्ट ठेवा, बाकीची गर्दी काढून टाका, असं त्या सांगत. मला वाटलं, हेच ते. शिवाय खरं सांगायचं तर माणसं बाहेर आली असती म्हणजे मला त्यांना म्हणावं लागलं असतं, जरा इकडे सरका, हलू नका, हनुवटी वर. माझं मराठी पुस्तकी होतं. पेठेतल्या पोरी त्याची नक्कल करायच्या, मी ऐकलं होतं. म्हणून मी खटका दाबायचे आणि तुझ्यामागे यायचे.

मोहल्ल्यात हलीमाबी ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे दोन मुलगे जहाजावर, तिसरा आफ्रिकेत. त्यांच्या रांगेतल्या सात घरांपैकी चारांना कुलुपं होती. त्या म्हणाल्या, “माझा नको गो बाय, मी पडद्यातली. पोरांचा काढ. थांब, सगळ्यांना कपडे घालून आणते. अल्ला, पाच मिनिटं!” पोरं चांगली नऊ होती. पाच मिनिटांत नऊ पोरं तयार होणार नाहीत, हे मलाही कळत होतं. मी चार कुलपांचा फोटो काढला. तो फोटो फार सुंदर आला आहे, आत्या. अजूनही मला तसंच वाटतं.

तिथेच आपला पहिला वाद झाला. तू मागे वळून म्हणालीस, “घरंच काय काढतेयस?”

“घरं चांगली आहेत.”

“घर आजारी पडत नाही, नलू.”

“गावाची कळा दिसली पाहिजे ना लोकांना. किती मोठं होतं आणि आता काय झालंय ते.”

“लोकांना नव्हे, साहेबाला दिसलं पाहिजे. आणि साहेबाला गळा काढलेला आवडत नाही.” मग तू हसलीस. “काढ बाई तुझं काय ते. माणसंही येऊ देत थोडी.”

मी हो म्हटलं. आणि पुढे खाजणाच्या दलदलीकाठी मोडक्या गलबताचे दोन फोटो काढले, मिठाच्या बंद गोदामाचा एक, धक्क्याच्या पायऱ्यांचे तीन.

चारच्या सुमाराला आपण कोळीवाड्यात पोचलो. तिथे निरोप आधी गेला होता, म्हणून तिथल्या बायका तयार होऊन बसल्या होत्या. सबंध दिवसात तयार असलेली माणसं तेवढीच. हिरव्या चोळ्या, कानात सोनं, केसांत अबोली. भागूबाय मधोमध आणि तिच्या शेजारी तिची नवी सून चांगुणा, लग्नाचे सगळे दागिने घालून. भागूबाय म्हणाली, “ये गो मडम, कवाधरनं बसलोय, घामानं भिजलो.”

मी किल्ली फिरवली. लाल खिडकीत आकडा आला नाही. पुन्हा फिरवली. सोळा फोटो संपले होते.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मला इंग्रजीतही सुचलं आणि मराठीतही सुचलं. पंधरा बायका माझ्याकडे बघत होत्या, हलायचं नाही म्हणून श्वास धरून. मी कॅमेरा पोटाशी धरला, काचेत बघितलं आणि खटका दाबला. टक् असा आवाज झाला. चांगुणा दचकली आणि सगळ्या तिला हसल्या. तू माझ्या मागे उभी होतीस. तुला खिडकी दिसत होती की नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

फोटो मुंबईला धुऊन घेतले आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मी तुझ्याकडे पाठवण्याऐवजी स्वतः घेऊन आले, इतका मला त्यांचा अभिमान होता. प्रत्येकाखाली मी इंग्रजीत वळणदार अक्षरात एकेक ओळ लिहिली होती. कचेरीत वाचणारे इंग्रजी वाचणारे असतील, असा माझा हिशेब. तुझं इंग्रजी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं. तू विचारलंस, “काय लिहिलंस?” मी म्हटलं, “जागांची नावं.” ती नावं नव्हती. एकाखाली होतं, ‘झोपी गेलेलं बंदर’. कुलपांच्या फोटोखाली होतं, ‘परत न येणाऱ्यांची घरं’.

तू सोळाही पुठ्ठे ओळीने मांडलेस. दोनदा पाहिलेस. “माणसं कुठे आहेत?”

“आत आहेत,” मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. प्रत्येक दाराच्या आत कोणीतरी भांग पाडत होतं. पण अर्ज त्याच दिवशी टपालात टाकायचा होता, मुदत संपत होती. तू पुठ्ठे बांधलेस. दोरीला गाठ मारताना म्हणालीस, “ऊन छान आलंय.” मला ते तेव्हा कौतुक वाटलं.

उत्तर वैशाखात आलं, सोळाही पुठ्ठ्यांसकट. मी सुट्टीला तुझ्याकडेच होते. अर्ज नामंजूर. अर्जदार बाईंनी स्वतः पाठवलेल्या छायाचित्रांवरून आणि त्यांखालच्या मजकुरावरूनही सदर गाव ओसाड होत चालल्याचं स्पष्ट दिसतं, अशा अर्थाचं त्यात होतं. कंपाउंडर दामूअण्णांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ‘त्यांखालच्या मजकुरावरूनही’ इथे ते थांबले आणि माझ्याकडे बघून पुढचं हळू आवाजात वाचलं. तू ओल्या वालाचे दाणे काढत बसली होतीस. हातातला वाल संपवलास. चष्मा काढून पदराने पुसलास. मग मला म्हणालीस, “उठ, बिरडं करायचंय. नारळ खवून दे.” मी नारळ खवला. तुझ्या घरात रडायला कोपरा नव्हता, त्यामुळे मी रडले नाही.

पावसाच्या आत औषधांची कपाटं बैलगाडीतून बोर्लीला गेली. तुलाही तिकडे हजर व्हायला सांगितलं होतं. तू नोकरी सोडलीस. बाबांनी तुला वेड्यात काढलं. मी तुझी बाजू घेतली, पण तीही पत्रातून. तू तुझी पिशवी घेऊन गावात फिरतच राहिलीस आणि अवघड बाई असली की गाडीत घालून बोर्लीला नेऊ लागलीस.

श्रावणात चांगुणा त्याच वाटेवर गेली. चिखलात चाक रुतलं होतं. मूल तू गाडीतच सोडवलंस, ते जगलं. मला तू पत्रात चार ओळी लिहिल्यास आणि पाचवी ओळ माझ्या परीक्षेबद्दल होती. ती पाचवी ओळ मला जास्त लागली. चांगुणाच्या जाण्यात माझ्या पुठ्ठ्यांचा वाटा किती, हे मला ठरवता येत नाही. कदाचित फोटो नसते तरी अर्ज फेटाळला गेला असता. दामूअण्णा तसंच म्हणतात. मी ते ऐकून घेते.

तुझ्या स्वतःच्या न्यूमोनियाचंही तसंच. बोर्लीचे डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. लवकर आले असते तर काय झालं असतं, हे त्यांना विचारलं. त्यांनी खरं उत्तर दिलं, की सांगता येत नाही.

मी तुझी खोली आवरायला आले तेव्हा कॅमेरा बरोबर होता. बाबांना ते आवडलं नाही. सुतकात कसले फोटो? पण सामान हलवण्याआधी मला ती खोली हवी होती. मी पाच फोटो काढले. रिकामी खाट, चूल, खुंटीवरची छत्री, उकळायचं भांडं, खिडकी. बघ, मी अजून तशीच आहे.

दुपारी भागूबाय आली. तुझ्या नावाने रडून झालं, मग तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, “गो बाय, आता तू तरी ता फोटू आनून दे.”

“कुठला?”

“कोलीवाड्याचा. तुजे आत्येनं सांगितलंवतं, सरकाराला लय आवारला म्हनून त्यांनी ठेवून घेतला. लिवून मागविते, बोलली. तीन वरसं बोलत व्हती.” मग म्हणाली, “माजे सुनेचा तेवराच हाय ना.”

तर तुला माहीत होतं. खिडकीत आकडा नव्हता हे तू पाहिलं होतंस, आणि सोळा फोटो तुझ्यासमोर ओळीने मांडले होते, सतरावा कुठून येणार? तरी तू तीन वर्षं त्यांच्याशी खोटं बोललीस. मला वाचवायला, असं मला वाटतं. आणि तुझ्यावर थोडा रागही येतो आत्या, हे लिहून टाकते. तू मला एकदा झापलं असतंस तर मी चांगुणा असताना परत आले असते. दोन आण्यांच्या पत्रापुरतं काम होतं. पण हा राग मी तुझ्यावर ढकलतेय, तेही मला दिसतं. मीही सांगू शकले असते. मला अठराव्या वर्षी तोंड होतं.

मी भागूबायला सांगितलं. “फोटो नाही. त्या दिवशी डब्यात फिल्म नव्हती. संपली होती.”

ती बघत राहिली. “मंग टक् वाजला ता?”

“तो नुसता आवाज.”

“आनि आमी तशाच बसलेलो.”

“हो.”

“आत्येला ठाव व्हता?”

“हो. असणार.”

ती उठली, टोपली उचलली आणि गेली. दारात तिने मागे वळूनही बघितलं नाही. मी त्या दिवशी काही आवरू शकले नाही. तुझ्या पिशवीतली हत्यारं तेवढी उकळून पुसून ठेवली, तू ठेवायचीस त्याच क्रमाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. कडेवर अडीच वर्षांची मुलगी. चांगुणाची, येसू. डोळे आईचे आहेत असं सगळे म्हणतात. मला चांगुणाचा चेहरा नीट आठवत नाही.

“हिचा फोटू कार,” भागूबाय म्हणाली. “पन आदी दाव, हाय का त्याच्यात काय.”

मी कॅमेरा उलटा करून खिडकी दाखवली. सहाचा आकडा. तिने तो बराच वेळ पाहिला, मग येसूला दाखवला.

पुढच्या दारातून दोन बायका बघत होत्या. मी पुढे झाले आणि म्हटलं, “तुम्हीपण या.” त्या लगेच आत वळल्या, लुगडी बदलायला. मी त्यांच्यामागे गेले आणि म्हटलं, “नको, नको. आहात तशाच या. आत जाऊ नका!” माझा आवाज बराच मोठा निघाला असावा. हलीमाबींची पोरं धावत आली, वाणी आला, दामूअण्णा आले, कोणीतरी बकरीसकट आलं. हलीमाबी दाराआड राहिल्या, फक्त त्यांचा हात दिसतो, पोराला पुढे ढकलणारा. मी सगळ्यांना जकातीच्या कचेरीपुढे उभं केलं. इकडे सरका म्हटलं, हनुवटी वर म्हटलं. कोणी ऐकलं नाही. एका पोरीने माझी नक्कल केली आणि सगळे हसत असतानाच मी खटका दाबला.

फोटो वाईट आला आहे. येसू हलली, तिचा चेहरा पुसट झाला. वाण्याचं डोकं वर कापलं गेलंय. अर्धी माणसं एकमेकांमागे लपली आहेत. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी तो फाडून टाकला असता. येसूचा वेगळा, एकटीचा, मी सातव्या आकड्यावर काढला. तो भागूबायकडे आहे आणि तो बरा आहे.

आपला वाद अर्धाच राहिला आहे, म्हणून माझी बाजू सांगून ठेवते. चार कुलपांचा फोटो चांगला होता. तो अर्जाला लावायचा नव्हता, एवढंच. तू म्हणाली असतीस, “तेच तर मी सांगत होते.” तू तसं सांगितलं नव्हतंस. तू ‘ऊन छान आलंय’ म्हणाली होतीस.

नवा अर्ज मी मराठीत लिहिला. बोर्लीचा दवाखाना तिथेच राहू द्या, पण दांडेबंदरला एक नर्स आणि एक कपाट द्या, इतकंच मागितलं आहे. दामूअण्णा म्हणतात, उत्तर यायला दोन पावसाळे लागतील. सोबत तो गर्दीचा फोटो लावला. खाली या वेळी खरोखर नावं लिहिली. डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाचं नाव, वय आणि तुझ्या हातून जन्मलेल्यांपुढे तशी खूण. बकरी धरलेल्या बाईपाशी मी अडले. तिला मी गावात अनेकदा पाहिलंय, तिने एकदा मला करवंदंही दिली होती, आणि तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. दामूअण्णांना विचारता आलं असतं, ते शेजारीच बसले होते. मी कागद तसाच ठेवला, चपला घातल्या आणि तिचं दार शोधत निघाले.